नोकरी कधी बदलायची? कालनिर्णय भिंतीवरून खाली काढा आणि तारखा उलट्या मोजा

दरवर्षी मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. मी पुण्यात रिक्रूटमेंटचं काम करते, हिंजवडीच्या आयटीवाल्यांपासून चाकण-भोसरीच्या प्रॉडक्शन इंजिनिअरपर्यंत सगळ्यांचे रेझ्युमे रोज डोळ्यांखालून जातात, आणि मे मधल्या फोनवरचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "मॅडम, पगारवाढीचं लेटर आलं, काहीच दिलं नाही, आता इथे राहायचंच नाही मला." माणूस खरंच दुखावलेला असतो, वर्षभर राबलेला असतो, त्याचा राग मला समजतो. पण त्याच आठवड्यात त्याच्यासारखे बाकीचे सगळे पण रेझ्युमे अपडेट करून बसलेले असतात, त्यामुळे त्याचा रेझ्युमे ढिगात जातो आणि मग जी पहिली ऑफर येते ती तो घाईघाईत घेऊन टाकतो.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. नोकरी शोधायची वेळ ही रागावरून ठरवू नका, जॉइनिंगच्या तारखेपासून मागे मोजत या. हे कसं करायचं ते खाली एकेक करून सांगते, एक पेन्सिल आणि घरातलं कालनिर्णय एवढंच लागेल.

आधी बघू, लोक नेमके कधी शोधतात आणि का

सगळ्यात मोठी लाट एप्रिल ते जून. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, मार्चमध्ये रेटिंग ठरतं, एप्रिल-मे मध्ये लेटर हातात येतं, बऱ्याच ठिकाणी वाढ १ एप्रिलपासून धरून मागचा फरक पुढच्या पगारात देतात, व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) पण याच सुमाराला खात्यात पडतो. म्हणजे वर्षभर ज्याची वाट बघितली ते मिळून झालेलं असतं, आता थांबायला कारण उरत नाही. त्यात घरात मुलं असतील तर जूनच्या मध्यात शाळा सुरू होते, ज्यांना नाशिकहून पुण्याला किंवा पुण्याहून बंगळुरूला जायचंय त्यांना शाळा सुरू व्हायच्या आत शिफ्ट व्हायचं असतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी येतात.

दुसरी लाट दिवाळीनंतरची. ही फक्त सणाच्या मूडमुळे येत नाही, त्यामागे कायदा आहे. १९६५ च्या बोनस कायद्यापासून नियम चालत आलाय की हिशोबाचं वर्ष संपल्यापासून ८ महिन्यांच्या आत बोनस द्यायचा, म्हणजे मार्चअखेर वर्ष संपलं की नोव्हेंबरअखेरपर्यंत, आणि आपल्याकडे तो साहजिकच दिवाळीला हातात ठेवायची पद्धत पडली. त्यामुळे बोनस पडेपर्यंत लोक गप्प बसतात आणि भाऊबीज झाली की पेपर टाकतात. भोसरी एमआयडीसीत दिवाळीनंतरच्या सोमवारी किती राजीनामे येतात ते तिथल्या कुठल्याही एचआरला विचारा.

तिसरी जानेवारीची. नवीन वर्षाचा संकल्प हा एक भाग झाला, पण खरं कारण असं की बऱ्याच परदेशी कंपन्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, त्यांचं बजेट नवं होतं, नवीन पोझिशन उघडतात. कॉग्निझंटचं वर्ष असंच जानेवारी-डिसेंबर आहे, ॲक्सेंचरचं ३१ ऑगस्टला संपतं, आणि आपल्या इन्फोसिस-टीसीएसचं मार्चला. म्हणून "आयटीत अमुक महिन्यातच शोधावं" असं सरसकट कोणी सांगितलं तर ऐकू नका, कंपनीचं वर्ष कधी संपतं ते आधी बघा.

याशिवाय छोट्या लाटा असतात त्या कुठल्या चार्टमध्ये दिसत नाहीत. घरात लग्न झालं, तिथे चुलत भावाचं पॅकेज कळलं, की दुसऱ्या दिवशी रेझ्युमे येतो. कॉलेजचं गेट-टुगेदर झालं की येतो. रविवारी संध्याकाळी येतात, उद्या ऑफिसला जायचंय या विचाराने पोटात गोळा येतो तेव्हा. आणि एक काळ असा की कोणीच हलत नाही, पितृपक्ष. मुलाखती देतात, पण ऑफर स्वीकारायला आणि जॉइन व्हायला तयार नसतात, घटस्थापना किंवा दसऱ्याची तारीख मागतात. पुण्या-मुंबईतले एचआर हे धरूनच चालतात, त्यामुळे तशी तारीख मागायला अजिबात संकोच करू नका, फक्त ऑफरच्या वेळीच सांगा, जॉइनिंगच्या चार दिवस आधी नको.

आता कंपनीच्या बाजूने बघा

मे मध्ये गर्दी होते हे खरं, पण जागा पण तेव्हाच जास्त निघतात, कारण जो सोडून गेला त्याची जागा भरायची असते. गंमत म्हणजे ती जागा लगेच निघत नाही. माणूस मे मध्ये पेपर टाकतो, महिनाभर मॅनेजर त्याला थांबवायचा प्रयत्न करतो, मग मंजुरी, मग माझ्यासारखीकडे ती रिक्वायरमेंट येते, तोपर्यंत जून संपून जुलै लागलेला असतो. आणि जुलै-ऑगस्टमध्ये मे वाली गर्दी ओसरलेली असते, निम्म्या लोकांचा राग शांत झालेला असतो, काही जण कुठेतरी लागलेले असतात. मला विचाराल तर अनुभवी माणसासाठी जुलैचा मध्य ते ऑगस्ट हा रेझ्युमे बाहेर काढायचा फार चांगला काळ आहे. मॅनेजरला माणूस हवाच असतो आणि समोर पर्याय कमी असतात. फ्रेशर असाल तर मात्र हा हिशोब तुम्हाला लागू नाही, कॅम्पसच्या बॅचेस साधारण याच दिवसांत जॉइन होतात आणि ऑफ-कॅम्पसवाल्यांना गर्दीत उभं राहावंच लागतं.

क्षेत्राप्रमाणे हे बदलतं. शाळेत शिकवत असाल तर मार्च ते मे, जून उजाडल्यावर फक्त रिकाम्या राहिलेल्या जागा मिळतात. अकाउंट्सवाल्यांना मार्च-एप्रिल क्लोजिंग आणि सप्टेंबरअखेर टॅक्स ऑडिट, या दिवसांत कोणी सोडत पण नाही आणि सोडलं तर सीए साहेब आयुष्यभर लक्षात ठेवतात, त्यामुळे ऑक्टोबरनंतर हलणं बरं. बँक आणि इन्शुरन्सच्या सेल्सला ३१ मार्चचं टार्गेट, त्याच्या इन्सेंटिव्हचा हिशोब लागेपर्यंत थांबा. गोव्यात हॉटेल लाइनला सीझन ऑक्टोबरपासून, माणसं ऑगस्ट-सप्टेंबरात घेतात. साखर कारखान्यात गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी. तुमच्या लाइनमध्ये कामाचा जोर कधी असतो ते बघा आणि त्याच्या दोन-तीन महिने आधीचा काळ धरा, बहुतेक वेळा बरोबर येतं.

पहिलं काम: जुनं ऑफर लेटर बाहेर काढा

नोटिस पिरियड (राजीनामा दिल्यावर किती दिवस काम करायचं ते) किती आहे ते लोकांना तोंडी माहीत असतं आणि तोंडी चुकीचं माहीत असतं. "६० दिवस असेल" म्हणतात आणि कन्फर्मेशन लेटरमध्ये ९० झालेले असतात. बसा आणि वाचा. त्यात या गोष्टी पेन्सिलने अधोरेखित करा: नोटिस किती दिवस, पैसे भरून लवकर सुटता येतं का (यालाच सगळे बायआउट म्हणतात) आणि ते कोणाच्या मर्जीवर आहे, जॉइनिंग बोनस किंवा ट्रेनिंगचा खर्च किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत कापतात, आणि बोनस किंवा व्हेरिएबलबद्दलची ओळ.

ही शेवटची ओळ नीट वाचा. बऱ्याच पॉलिसीत लिहिलेलं असतं की पैसे देण्याच्या तारखेला माणूस कंपनीच्या नोकरीत हवा आणि नोटिस पिरियडमध्ये नको. म्हणजे तुम्ही वर्षभर काम केलं, पेपर १० मे ला टाकला आणि व्हेरिएबल ३० मे ला पडणार होता, तर गेला. वीस दिवसांचा प्रश्न होता. कायद्याने मिळणारा बोनस वेगळा, महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना तो कमीत कमी ८.३३ टक्के लागू आहे आणि त्या वर्षात ३० दिवस काम केलेलं असेल तर नंतर सोडून गेलात तरी त्या वर्षाचा हक्क राहतो. हे कामगार वर्गातल्या खूप लोकांना माहीतच नसतं, सप्टेंबरात सोडलं म्हणून मागच्या वर्षीच्या बोनसवर पाणी सोडतात. मागा, लेखी मागा.

दुसरं काम: काय सुटतंय ते मोजा, विशेषतः ग्रॅच्युइटी

चाकणच्या एका कारखान्यातला एक क्वालिटी इंजिनिअर माझ्याकडे आला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही. समोर खुर्चीत बसून त्याने सगळे कागद एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून काढले, रिलिव्हिंग लेटर, शेवटची पेस्लिप, आणि एफ अँड एफचा, म्हणजे सोडतानाच्या शेवटच्या हिशोबाचा कागद. त्या कागदावर ग्रॅच्युइटीच्या (पाच वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना कंपनी देते ती रक्कम) समोर शून्य. तो म्हणाला, "ताई, इथे छापायला विसरलेत का?" विसरले नव्हते. त्याची नोकरी झाली होती ४ वर्षं ९ महिने. मॅनेजरशी वाद झाला, त्या रात्री त्याने पेपर टाकला, दोन महिने नोटिस केली आणि तीन महिने कमी पडले.

मी तिथेच कॅल्क्युलेटर घेतला. शेवटचं बेसिक ३२,०००, ते गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. पाच वर्षं पूर्ण असती तर ९२,३०७ रुपये. तो आकडा त्याने फोल्डरच्या मागच्या बाजूला लिहून घेतला आणि बराच वेळ काही बोलला नाही. ४ वर्षं २४० दिवस झाले असले तरी पाच धरायची, असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, त्याच्या आधारे भांडता येतं, पण कित्येक कंपन्या ते मानत नाहीत आणि नव्या नोकरीत रुजू झालेल्या माणसाला तिकडे खेटे घालायला वेळ नसतो, त्याला पण नव्हता.

म्हणून कायम नोकरीत असाल तर पाच वर्षं पूर्ण होण्याची तारीख कालनिर्णयवर लाल पेनने लिहा. साडेचार वर्षं झाली असतील तर शोधायला सुरुवात करा, मुलाखती द्या, फक्त शेवटचा दिवस त्या लाल तारखेनंतर पडेल असं बघा. पाच वर्षांनंतर उरलेले सहा महिन्यांपेक्षा जास्त दिवस हे पूर्ण वर्ष धरले जातात, म्हणजे ७ वर्षं ७ महिने झाले की ८ चा हिशोब लागतो, तेही बघून घ्या. मुदतीच्या कंत्राटावर असाल तर नियम वेगळा आहे, एचआरला विचारा.

पीएफच्या बाबतीत एकच सांगते, काढू नका, यूएएनवरून (तुमचा कायमचा पीएफ नंबर) नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. एकूण सेवा पाच वर्षांच्या आत असताना काढला तर त्यावर टॅक्स बसतो, आणि ट्रान्सफर केलात तर जुनी वर्षं धरली जातात. पेन्शनला लागणारी दहा वर्षं पण अशीच जोडून होतात.

शिल्लक रजांचं बघा, कुठे त्यांचे पैसे मिळतात, कुठे डिसेंबरला किंवा मार्चला उडून जातात.

तिसरं काम: तारखा उलट्या मोजा

इथे कालनिर्णय घेऊन बसा. आपल्या घरांत दुधाचे खाडे त्या चौकोनात लिहितात ना, तसंच लिहायचं. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पण होतं, पण भिंतीवर असलं की घरच्यांना दिसतं, आणि नोकरी बदलणं हा घराचा निर्णय असतो.

समजा दिवाळीचा बोनस घेऊन १६ नोव्हेंबरला नवीन ठिकाणी जॉइन व्हायचंय आणि नोटिस ६० दिवस आहे. मागे मोजलं की पेपर १७ सप्टेंबरच्या आसपास टाकायला लागतो. (बोनसची ती नोटिसवाली अट तुमच्याकडे असेल तर हा प्लॅन चालणार नाही, बोनस पडल्यावरच पेपर टाका आणि जॉइनिंग जानेवारीत धरा.) पेपर टाकायच्या आधी ऑफर लेटर हातात हवं, तोंडी नाही, म्हणजे ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मुलाखतीचे तीन-चार राउंड, मग एचआर, मग पगाराची घासाघीस, याला महिना ते दीड महिना सहज जातो, मध्ये गणपतीत कोणी सुट्टीवर असतं. म्हणजे रेझ्युमे जुलैच्या मध्यात बाहेर. आणि रेझ्युमे नीट करायला पंधरा दिवस, म्हणजे खरी सुरुवात जुलैच्या एक तारखेला. नोटिस ९० दिवसांची असेल तर पेपरच १८ ऑगस्टला, सगळं महिनाभर मागे सरकतं, सुरुवात जूनला. दिवाळीनंतर नोकरी बदलायचीय म्हणणारा माणूस दिवाळीचा फराळ संपवून शोधायला बसतो आणि मग जॉइन होतो तो थेट गुढीपाडव्याला, याचं कारण एवढंच आहे.

१ जुलैला जॉइन व्हायचं असेल तर? ६० दिवस मागे, २ मे ला पेपर. ऑफर एप्रिलअखेर, मुलाखती एप्रिलभर, रेझ्युमे मार्चच्या शेवटी. म्हणजे तुमचं लेटर येण्याआधीच तुम्ही बाजारात आहात, आणि हे चांगलंच आहे. लेटर चांगलं आलं तर थांबा, नाही आलं तर हातात काहीतरी आहे. फक्त पगार बोलताना सांगा की अप्रेझल व्हायचंय, अपेक्षित वाढ धरून बोला, कारण एकदा जुन्या आकड्यावर ऑफर निघाली की नंतर वाढवून घेणं कठीण जातं.

चौथं काम: घरच्या तारखा

हे कोणी सांगत नाही म्हणून मी आवर्जून सांगते. होम लोन प्रोसेसमध्ये असेल तर वितरण होईपर्यंत हलू नका. बँक शेवटच्या काही महिन्यांच्या पेस्लिप मागते आणि मधेच कंपनी बदलली की फाइल परत पहिल्यापासून बघतात.

बाळाचा विचार असेल तर मैत्रिणींनो हे लक्षात ठेवा, २६ आठवड्यांची पगारी मॅटर्निटी रजा मिळायला, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच कंपनीत कमीत कमी ८० दिवस काम केलेलं लागतं. नव्या कंपनीत उशिरा जॉइन झालात आणि ८० दिवस भरले नाहीत तर जुनीकडून पण नाही आणि नवीकडून पण नाही. माझ्याकडे एक मुलगी ऑफर घेऊन आली होती, आम्ही दोघींनी बोटांवर दिवस मोजले, जॉइनिंग तीन आठवडे अलीकडे आणायला लावलं आणि तिचं बसलं.

कंपनीचा मेडिक्लेम साधारण शेवटच्या दिवशीच संपतो. आई-बाबा त्यात असतील आणि त्यांचं ऑपरेशन वगैरे ठरलेलं असेल तर आधी ते उरकून घ्या. दोन नोकऱ्यांच्या मध्ये आठ दिवस कोकणात जाऊन यायचा प्लॅन छान आहे, पण त्या आठ दिवसांत कव्हर नसतं, स्वतःची एक पॉलिसी असू द्या.

आणि हातात पैसे ठेवा. शेवटच्या महिन्याचा पगार एफ अँड एफमध्ये अडकू शकतो, नवीन पगार महिनाअखेर, मध्ये ईएमआय थांबत नाही.

पाचवं: आठवडा आणि दिवस

नोकरीच्या पोर्टलवर आम्ही शोधताना गेल्या काही दिवसांत कोण ॲक्टिव्ह आहे असा फिल्टर लावतो, त्यामुळे सहा महिन्यांपूर्वी टाकून विसरलेला रेझ्युमे कितीही भारी असला तरी आम्हाला दिसतच नाही. रविवारी रात्री किंवा सोमवारी सकाळी लॉगिन करा, एखादी ओळ बदला, सेव्ह करा. सोमवारी सकाळी मॅनेजरची मीटिंग होते, दुपारी आमच्याकडे लिस्ट येते, मंगळवार-बुधवारी आम्ही फोन करत असतो. फोन नाही उचलता आला तर मेसेज टाका "सातनंतर बोलू शकतो", तेवढं पुरतं. न उचललेल्या आणि मेसेजही नसलेल्या नंबरला मी दुसऱ्यांदा फोन करते, तिसऱ्यांदा करायला वेळ नसतो.

नोटिस पिरियडच्या रकान्यात खरं लिहा. ९० दिवस असताना १५ लिहिणारे ऑफरच्या टप्प्यावर उघडे पडतात आणि मग त्यांच्याबरोबर माझाही महिना वाया जातो.

ऑफर आल्यावर

जॉइनिंगची तारीख ठरवताना टॅक्सचा विचार करा. वर्षाच्या मध्ये बदललंत तर नव्या कंपनीला जुन्या पगाराचा तपशील लगेच द्या. दिला नाही तर दोन्ही कंपन्या तुम्हाला पहिल्यापासून मोजतात, नव्या टॅक्स रेजिममधलं ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन दोघीही धरतात, टॅक्स कमी कापला जातो, पगार जास्त आल्याचा आनंद होतो आणि रिटर्न भरताना जुलैत एकदम मोठी रक्कम व्याजासकट भरायला लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदलणाऱ्यांना हे जास्त बसतं कारण दुरुस्त करायला महिनेच उरत नाहीत.

नव्या कंपनीत पुढचं अप्रेझल कधी ते पण विचारा. कित्येक ठिकाणी ऑक्टोबर किंवा जानेवारीनंतर आलेल्याला त्या एप्रिलच्या सायकलमध्ये घेत नाहीत, म्हणजे वाढ थेट पुढच्या वर्षी. जानेवारीत १५ टक्के वाढ घेऊन गेलात आणि पुढचे पंधरा महिने काही नाही, तर तो हिशोब आधी करून मगच आकडा मागा.

पेपर टाकायचा दिवस

ऑफर लेटर मेलवर आलं, तुम्ही स्वीकारल्याचं उत्तर पाठवलं, तारीख आणि सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) दोन्ही त्यात आहे, मगच. शुक्रवारी संध्याकाळी टाकू नका, मॅनेजर सोमवारी बघतो आणि नोटिस सोमवारपासून मोजली जाते. आठवड्याच्या सुरुवातीला, सकाळी, आधी मॅनेजरशी समोरासमोर बोला आणि तिथून उठून लगेच मेल पाठवा, मेलमध्ये शेवटच्या दिवसाची तारीख स्वतः लिहा, "नियमानुसार" असं मोघम नको. एचआरचं उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करा, कारण नंतर तारखेवरून वाद झाला तर तोच एक कागद कामाला येतो.

आणि पेपर टाकायच्या आदल्या आठवड्यात सगळ्या पेस्लिप, फॉर्म १६, अप्रेझलची लेटरं, मेडिक्लेमचं कार्ड घरच्या मेलवर घेऊन ठेवा, फक्त स्वतःचे कागद, कंपनीच्या फाइल्स नाही. राजीनामा गेल्यावर काही ठिकाणी कंपनीच्या पोर्टलचा ॲक्सेस त्याच संध्याकाळी बंद होतो, आणि नव्या कंपनीचे बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाले नेमकी तीन वर्षांपूर्वीच्या जूनची पेस्लिप मागतात.